छप्पर लागेपर्यंत

ब्रिस्टलच्या त्या घरात मी राहायला गेलो तेव्हा गराजमध्ये एक गाडी उभी होती आणि तिला दारं नव्हती. छप्परही नव्हतं. लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी. लोखंडी स्टँडवर चढवलेली, त्यामुळे चाकं जमिनीपासून वीतभर वर, आणि अंगावर जुन्या पलंगपोसाचं पांघरूण. डॉक्टरकाकांनी मला घर दाखवताना आधी बाथरूम दाखवली, मग बॉयलरचं बटण, मग माझी खोली, आणि सगळ्यात शेवटी ही गाडी. पांघरूण एका कोपऱ्यातून हळूच उचलून म्हणाले, "किट कार आहे. सुटे भाग खोक्यांतून येतात, आपण घरी जोडायचे. इंजिन एका भंगारातल्या गाडीचं आहे. चालू होतं, हं! फक्त दारं आणि हूड राहिलंय." हूड म्हणजे वरचं कापडी छप्पर, हे मला नंतर कळलं. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तू मेकॅनिकल ना?" मी हो म्हणालो. त्या एका होकारात माझे पुढचे सगळे शनिवार-रविवार गेले.

मी करमाळ्याचा. बाबा बाजार समितीत तोलार होते. पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ती सांगलीला घेतली, नंतर एका विमानाच्या कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर म्हणून इंग्लंडला यायची संधी मिळाली, आणि या प्रत्येक पायरीवर कोणीतरी मला हात दिला. कोणी वसतिगृहात जागा मिळवून दिली, कोणी कोट दिला. आमच्या प्राचार्यांचे शाळेतले मित्र म्हणजे डॉक्टरकाका. त्यांनी पत्रोत्तर पाठवलं, "मुलाला खुशाल पाठव, खोली रिकामीच आहे." असं ज्याचं आयुष्य इतरांच्या हातांवर उभं असतं, त्याला एक सवय लागते. कोणी काहीही सांगितलं की तो आधी उभा राहतो आणि मग ऐकतो. माझ्या मुलीला ही सवय अजिबात नाही. मला तिचं नवल वाटतं, आणि बरंही वाटतं.

काका मोठ्या इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते. पुण्याचे. अंगाने सडसडीत, बोलणं थोडकं, इंग्रजी आणि मराठी एकाच दमात. त्यांच्या कमरेला इस्पितळातून बोलावणं आलं की वाजणारा ब्लीप असायचा आणि तो वाजला की जेवणाच्या ताटावरूनसुद्धा ते उठायचे. सुधाकाकू घरीच असत. बुटक्या, गोऱ्या, हातात कायम काहीतरी काम. त्या घराचा दिवस आवाजांनीच मला कळायचा. पहाटे दूधवाल्याच्या गाडीतल्या बाटल्या किणकिणायच्या, मग भिंतीत बॉयलर भुस्स करून पेटायचा, मग काकूंचं स्वयंपाकघरातलं पुटपुटतं स्तोत्र आणि त्याच्याबरोबर रेडिओवरचं हवामान. दोन्ही एकाच वेळी. काकूंना त्यात काही विचित्र वाटत नसे. जेवणात गोड्या मसाल्याची आमटी, आणि कैरी मिळायची नाही म्हणून आंबट इंग्लिश सफरचंदांचं लोणचं. ब्रसेल्स स्प्राउट्सची परतून भाजी करायच्या आणि म्हणायच्या, "कोबीची पिल्लं आहेत रे, खा." मी भाकरीवर वाढलेला. त्यांच्या मऊसूत पोळ्या मला घासात लागायच्याच नाहीत, पण ते मी कधी बोललो नाही. त्यांनाच कसं कळलं कोण जाणे. लंडनजवळ इल्फर्डला त्यांची बहीण राहायची, तिच्याकडून त्यांनी ज्वारीचं पीठ मागवलं आणि एका रविवारी माझ्यापुढे भाकरी आली. कडेने तडकलेली, जरा जाड. "मला थापता येत नाही फारशी," त्या म्हणाल्या. मी खाली मान घालून खात राहिलो, कारण वर बघितलं असतं तर पंचाईत झाली असती.

खोली रिकामीच आहे, असं काकांनी लिहिलं होतं. ती त्यांच्या मुलाची, समीरची खोली होती. भिंतीवरच्या पोस्टरांचे चौकोन अजून उजळ दिसायचे. समीर तिथेच जन्मला, तिथेच शिकला, आणि वडिलांसारखाच डॉक्टर व्हायला गेला. एका वर्षात त्याने ते सोडलं. आता तो लंडनला, ईलिंगमध्ये, फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानात काम करत होता. गाडी त्याने आणि काकांनी मिळून सुरू केली होती, तो शाळेत असतानाच. ज्या दिवशी त्याने कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या दिवशी बापलेक गराजमध्येच होते. समीर निघून गेला आणि गाडीवर पांघरूण पडलं. आईला तो फोन करायचा. बापाने फोन उचलला तर ठेवून द्यायचा.

हे सगळं मला काकूंनी भांडी पुसताना सांगितलं, मी तिथे राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत. सांगून झाल्यावर फडकं पिळत म्हणाल्या, "मला कसं वाटतं, दत्ता, गाडी अर्धी आहे तोवर त्याचं इथे काहीतरी राहिलेलं आहे. राहिलेल्या कामाला माणूस परत येतो. तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "येईल की, काकू." पुढच्याच शनिवारी सकाळी काकांनी माझ्या दारावर टकटक केली आणि हातात एक निळा ओव्हरऑल दिला. "हा घाल. कपडे खराब होतील." पाठीवर कोणीतरी पेनाने SAM असं लिहिलेलं होतं. बाह्या मला लांब होत्या, दुमडाव्या लागल्या. मी तो घालून जिना उतरलो, तर काकू खाली पाठमोऱ्या होत्या. पायरी वाजली म्हणून त्या वळल्या.  हातातली चहाची किटली त्यांनी खाली ठेवली.

तेव्हापासून माझं असं झालं. काकांना गाडी पुरी व्हायला हवी होती आणि काकूंना व्हायला नको होती. एकाने मला छप्पर दिलं होतं, दुसरी मला रोज जेवू घालत होती. आणि काम माझ्या हातात होतं.

दारं लावणं हे काम वाटतं तितकं साधं नसतं. कारखान्यात तयार झालेल्या गाडीत दार आणि दाराची चौकट एकमेकांसाठीच बनलेली असतात. किट कारच्या फायबरग्लासच्या अंगाचं तसं नसतं. ते कुठे फुगलेलं असतं, कुठे आत गेलेलं. मी एका गुडघ्यावर बसून दार खांद्यावर पेलायचं, काकांनी बिजागरीत बोल्ट घालायचा, मग वॉशर कमी-जास्त करत दार वर-खाली, आत-बाहेर सरकवायचं. पुन्हा काढायचं, कड कानशीने घासायची, पुन्हा लावायचं. फायबरग्लासची ती बारीक धूळ मनगटांत शिरायची आणि सोमवारपर्यंत खाजत राहायची. कारखान्यातून शुक्रवारी घरी यायचो तेव्हा बसमध्येच माझी मान लुळी पडायची. शनिवारी सकाळी पुन्हा ती टकटक. "दत्ता, उठलास का रे?" आणि मी झोपेतच, "हो काका, उठलोच." काका स्वतः आदल्या रात्री इस्पितळात जागलेले असायचे. डोळे लाल, हात मात्र स्थिर. त्यांच्यासमोर थकलो म्हणायला तोंड कुठलं? गराजमधल्या छोट्या विजेच्या शेगडीजवळ आम्ही न बोलता काम करायचो. कधीतरी ते एखादा पाना मागताना म्हणायचे, "सम... दत्ता, तो दे." मी द्यायचो.

दसऱ्याला गाडीची पूजा करायची असं काकांनी ठरवलं. दारं तोवर लागली होती आणि दिसायला सुंदर दिसत होती. चौकटीत फट सगळीकडे सारखी, बंद करताना हलकासा टक आवाज. छप्पर नसलं तरी चालेल, म्हणाले, पूजेला छप्पर लागत नाही. सकाळी आम्ही गाडी स्टँडवरून खाली चाकांवर उतरवली, गराजचं शटर उघडलं. काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूऐवजी बागेतल्या पिवळ्या शेवंतीची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. रिवाजाप्रमाणे जोडप्याने पूजेला बसायचं. जोडपं पाटावर बसवायचं की गाडीत, हा प्रश्न काकांनीच सोडवला. "ज्याची पूजा, त्यात बसू." म्हणून सुटातले काका उजवीकडे, स्टिअरिंगमागे, आणि मोरपंखी पैठणीतल्या काकू डावीकडे, मांडीवर आरतीचं ताट घेऊन. मी दोन्ही दारं लावली. टक. टक. मग मीच आरती म्हटली, कारण ती पूर्ण येणारा मीच होतो. शेजारचे म्हातारे इंग्रज गृहस्थ कुंपणाला टेकून अदबीने टोपी हातात घेऊन उभे.

आरती झाली. काका म्हणाले, "चल, नारळ फोडतो." आणि दार उघडेना.

आधी वाटलं कडी अडकली असेल. मी बाहेरून ओढलं. काकूंच्या बाजूने ओढून पाहिलं. ते तर त्याहून घट्ट. आरती चालू असताना दोन माणसांच्या वजनाने गाडीचं अंग मध्ये हळूहळू किंचित वाकलं होतं आणि चौकटीने दोन्ही दारं दातांत धरली होती.

"खांदा लाव," काका म्हणाले.

"काका, फुटेल ते."

"अहो, निरांजन विझतंय," काकू म्हणाल्या. मग ताट डोक्याच्या उंचीवर धरून, "आता काय? दिवाळीपर्यंत इथेच का मी?"

कुंपणापलीकडून शेजाऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, हाही पूजेचाच भाग आहे का. काका गंभीरपणे म्हणाले, "येस, नाउ वी वेट." त्यावर काकूंना हसू फुटलं. इतकं की ताटातला कापूर सांडला. मी जेवणघरातली खुर्ची आणली, दाराबाहेर लावली, आणि काकू पैठणीच्या निऱ्या सावरत सीटवर उभ्या राहून, माझ्या खांद्यावर हात टेकून, दारावरून पाय टाकून बाहेर आल्या. काकाही तसेच, सुटासकट. ते उतरले, गाडी हलकी झाली आणि दोन्ही दारं आपोआप सैल पडली. काकू हसत हसत आत गेल्या. नारळ आत आणून द्यायला मी स्वयंपाकघरात गेलो तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या आणि आता हसत नव्हत्या. "समीर असता तर लोळला असता रे हसून," त्या म्हणाल्या. "त्याला मी फोनवर सांगू का? की त्याला वाटेल, माझ्याशिवाय पूजासुद्धा केली?" मी नारळ ओट्यावर ठेवला. 

चूक आमची होती. रिकाम्या गाडीवर, तीही स्टँडवर असताना, दारं बसवली. वजनाखाली गाडी कशी बसते ते पाहिलंच नाही. मला बाबांची आठवण झाली. मोसमाच्या सुरुवातीला ते काटा तपासायचे तेव्हा भरलेलं पोतं चढवूनच तपासायचे. मी काकांना म्हणालो, गाडीत वजन ठेवून दारं पुन्हा बसवू. पण दिवसभर दोन माणसं त्यात बसणार कशी? तेव्हा काकूंच्या कोठीतली तांदळाची आणि कणकेची पोती आली. इल्फर्डहून एकदम भरून आणलेली. काकांच्या सीटवर तांदूळ, काकूंच्या सीटवर कणीक आणि वर तूरडाळीची पिशवी. "डाळ काढ रे ती," काकू दारातून म्हणाल्या. "मी तेवढी नाहीये." काका म्हणाले, "राहू दे, दत्ता. अचूक काम करायचं." एवढी चेष्टा मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकली. पण त्यानंतर पोळ्यांना कणीक हवी झाली की काकू गराजमध्ये येऊन सीटवरच्या पोत्यातून डबा भरून न्यायच्या, आणि नेताना दाराची फट बोटाने चाचपून बघायच्या. फट नीट होत चालली होती. 

दारं पुन्हा लागली तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. राहिलं फक्त छप्पर. ते काळ्या, रेक्झिनसारख्या जाड कापडाचं होतं, छत्रीच्या काड्यांसारख्या सांगाड्यावर ताणून मागे आणि पुढे टिचबटणांनी बसवायचं. मागची बटणं आम्ही किटबरोबर आलेल्या पुस्तकातल्या मापाने लावली. मग कापड पुढे ओढलं तर काचेच्या चौकटीपासून चार बोटं अलीकडेच थांबलं. थंडीने कापड आखडलं होतं. एकाने एका कोपऱ्याला लोंबकळून ते आणलं तर दुसरा कोपरा निसटायचा. त्या शनिवारी आणि रविवारी आमची नखं दुखेपर्यंत आम्ही ओढत होतो. संध्याकाळी हात धुताना माझ्या बोटांची पेरं मिटत नव्हती. सोमवारी कारखान्यात ड्रॉइंगबोर्डवर माझी पेन्सिल हातातून पडली आणि मी ती उचलायला वाकलो, तो तसाच वाकलेला थोडा वेळ राहिलो. बरं वाटत होतं तसं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी काकू माझ्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला आल्या. त्यात तो ओव्हरऑलही होता. त्यांनी तो पलंगावर ठेवला, पाठीवरची अक्षरं वर येतील अशी घडी घातलेला. "धुऊन थोडं पुसट झालं," त्या म्हणाल्या. मग दारापाशी थांबून, "छप्पर लागलं की झालं ना सगळं?"

"हो."

"मग पांघरूण काढतील ते. गाडी बाहेर काढतील." त्यांनी दिव्याच्या बटणावरचा डाग पदराने पुसला. "तुझ्यावर माझा राग नाही हं, बाळा. तू तरी काय करणार."

पुढे जे झालं ते मी ठरवून केलं असं मी सांगत आलो आहे. बायकोला तसंच सांगितलं, मुलीला तसंच. आता या वयात, रोज दुपारी पडल्याशिवाय ज्याचा दिवस जात नाही अशा माणसाच्या नजरेने पाहिलं तर वाटतं, त्यात ठरवणं किती आणि नुसता थकवा किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही. शुक्रवारचं जेवण चाललं होतं. आमटी, भात, सफरचंदाचं लोणचं. काका म्हणाले, "उद्या ऊन आहे, फोरकास्ट चांगलाय. सकाळी लवकर लागू या. उद्या हूड संपवायचं."

"काका," मी म्हणालो, "उद्या मला जमणार नाही."

माझ्याच आवाजाने मी दचकलो. काकांनी भात कालवणं थांबवलं नाही. "का? कारखान्यात आहे काही?"

"नाही."

"बरं नाहीये? ताप?"

"नाही काका. थकलोय."

"थकलास? या वयात?" ते हसले. "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा आठवड्यातून निम्म्या रात्री ऑन कॉल असायचो. थकलास म्हणे."

"आणि पुढच्या शनिवारीही नाही जमणार," मी म्हणालो. ताटाकडे बघत बोलत होतो, त्यामुळे वाक्यं आपोआप पुढे जात होती. "त्याच्या पुढच्याही नाही. दारं मी केली. हे समीरचं काम आहे. दोन जणांशिवाय होणार नाही आणि दुसरा मी नाही."

काकूंची वाटी ताटावर वाजली. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावलेल्या माणसासारखं नव्हे, शस्त्रक्रियेआधी रोग्याचे डोळे तपासतात तसं बघितलं. मग ते ताकभात न घेता उठले. बेसिनवर खूप वेळ हात धूत होते. जाताना पाठमोरेच म्हणाले, "खोली त्याचीच आहे, कामही त्याचं. मग तुझं काय आहे या घरात, दत्ता?"

मला वाटलं, संपलं. सोमवारी कारखान्यात दुसरी खोली शोधायची. प्राचार्यांना काय लिहायचं, बाबांना काय. बाबांनी बाजार समितीत सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा तिकडे डॉक्टरांच्या घरी राहतो, घरच्यासारखा.  काकूंनी माझ्या ताटात ताक वाढलं.

शनिवारी टकटक झाली नाही. ऊन खरंच पडलं होतं. मी जागाच होतो, पलंगावर, हात मांडीखाली दाबून. खालून गराजचे आवाज येत होते. काकांचा बूट सिमेंटवर घसरला. सांगाड्याच्या काड्या खडखडल्या. मग कापड सटकन निसटून गाडीच्या पाठीवर आपटल्याचा आवाज, फटाक्यासारखा.  पुन्हा खडखड. पुन्हा फट्. मला उठावंसं वाटत होतं. अंगातला प्रत्येक सांधा उठायचं म्हणत होता, वर्षानुवर्षांची सवय. मी उठलो नाही. जिन्यावर येऊन पाहिलं तर काकूही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होत्या, हात रिकामे. त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं मी प्रथमच पाहिलं. दोघेही तो फट् आवाज ऐकत होतो.

मग काका आत आले. केस विस्कटलेले, एका बोटाला रक्त. आमच्या दोघांकडे न बघता पॅसेजमध्ये गेले. फोन तिथेच भिंतीला होता. आकडे फिरवताना मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून फिरवले. मला तेव्हा कळलं की त्यांना नंबर पाठ आहे.

"समीर? ठेवू नकोस. मी बोलतोय." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "हो, आई बरी आहे. सगळे बरे. ते हूड... बसत नाहीये. टू-मॅन जॉब आहे."  काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "नाही, दत्ता आहे ना. पण तो थकलाय." आणि मग, खूप हळू, "मीही थकलोय रे."

समीर पुढच्या शनिवारी सकाळच्या कोच बसने आला. उंच, कानात बारीकशी रिंग, वडिलांचंच नाक. मी दारात आडवा येऊ नये म्हणून जिन्याकडे सरकलो, तर तोच हात पुढे करून म्हणाला, "हाय, तू दत्ता ना? आई सांगते, तुझा आरती फर्स्ट क्लास आहे." मी म्हणालो, तुझी खोली रिकामी करून ठेवलीय, मी खाली सोफ्यावर झोपेन. तो म्हणाला, "डोन्ट बी डाफ्ट. मी संडेला जाणार." काकांनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, "ट्रॅफिक होतं का?" तो म्हणाला, "थोडा." झालं. दोघे गराजकडे गेले.

काकूंनी तोवर ते छप्पर घरात आणून घर तापवणाऱ्या भिंतींवरच्या रेडिएटरांवर पसरलं होतं आणि वर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या. कापड ऊन होऊन मऊ पडलं तेव्हा ते रजईत गुंडाळून, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाला दुपट्यात नेतात तसं, त्या स्वतः गराजमध्ये घेऊन गेल्या. मीही मागोमाग निघालो. रजईचं एक टोक लोंबत होतं, ते उचलायला. काकू दारातच वळल्या आणि हलकेच म्हणाल्या, "तू नको रे."

तेवढ्या दोन शब्दांनी मला लागलं, हे खरं आहे. त्या गाडीच्या दाराची प्रत्येक कड मी घासली होती. काकू परत आल्या, पोळपाट घेतला, आणि मी ओट्यापाशी उभा राहून बटाटे सोलत राहिलो. गराजचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून आवाज येत होते.

"बाबा, ओढा ना!"

"ओढतोय! तुझा कोपरा सोडू नकोस."

"मी कुठे सोडला? तुम्ही सोडला. तुम्ही नेहमी आधी सोडता."

काकूंचं लाटणं थांबलं. मीही सुरी थांबवली. खूप वेळ नुसता दोन माणसांचा श्वास आणि कापडाची कुरकुर. मग काकांचा आवाज आला, दबलेला, दात आवळून बोलल्यासारखा. "नाही सोडत. घे. लाव तू बटण."

टिच्. मग दुसरं. मग एक लागेना, समीरने इंग्रजीत शिवी दिली, काका "हं!" म्हणाले, आणि तेही लागलं. टिच्.  आम्ही दोघं वाट बघत होतो, आता इंजिन सुरू होईल. ते झालं नाही. एक दार उघडलं आणि बंद झालं. मग दुसरं. टक. टक.

मी अर्धवट दारातून पाहिलं. काळं छप्पर ताणून बसलं होतं, कुठे चुणी नव्हती, आणि आतमध्ये दोघे शेजारी शेजारी बसले होते. बापाची जागा डावीकडे होती, लेकाची स्टिअरिंगमागे. खिडक्यांच्या प्लॅस्टिकमधून ओठ हललेले दिसत होते, पण काय ते ऐकू येत नव्हतं. समीर काहीतरी भराभरा बोलत होता आणि काका समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते. दाराला कुठे वाकल्याची, अडकल्याची खूण नव्हती. मी दार लोटून घेतलं.

"येतायत का?" काकूंनी विचारलं.

"नाही. बोलतायत."

त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला. लाटलेली पोळी परातीत तशीच ठेवली, वर फडकं घातलं. थोडा वेळ त्या फडक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मागच्या कपाटातून ज्वारीच्या पिठाचा डबा काढला, गॅस पुन्हा लावला आणि माझ्या एकट्यासाठी एक भाकरी थापली. ताट वाढून टेबलावर ठेवलं. पाणी दिलं.

"तू जेवून घे," त्या म्हणाल्या. "त्यांचं व्हायला वेळ आहे."

त्यांच्याआधी मी कसा जेवू, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्या घरात काकांच्या आधी मी कधी घास घेतला नव्हता. पण मी बसलो आणि जेवलो, सगळी भाकरी, लोणच्याला लावून. मग वर गेलो, भरदुपारी, अंगावरच्या कपड्यांनिशी पलंगावर पडलो. खाली गराजमध्ये इंजिन अजून सुरू झालं नव्हतं. मला झोप लागली, आणि मला कोणी उठवलं नाही.